गोलामागचा माणूस

खुर्शीदाने चहाच्या कपबशा ओट्यावर आणून ठेवल्या, तेव्हाच रखमाजीने ओळखलं की आता लवकर सुटका नाही.

तो आणि त्याचा जोडीदार कोंडाजी नुसतं तोंड दाखवायला आले होते. खुर्शीदाचा नवरा फकरुद्दीन हा लोणावळ्याच्या इंजिन शेडच्या हॉकी टीमचा सेंटर फॉरवर्ड, आणि दोन दिवस तो शेडकडे फिरकला नव्हता. रविवारी इगतपुरीशी एक-एक अशी बरोबरी झाली. रेल्वेच्या स्पर्धेत मुंबईला शेवटच्या चारांत खेळायचं तर लोणावळ्याला जिंकायलाच हवं होतं, इगतपुरीला बरोबरी पुरली. शेवटच्या मिनिटाला इगतपुरीचा गोलकीपर पुढे येऊन पडला होता. गोल सताड उघडा होता, चेंडू सरळ फकरुद्दीनकडे येत होता. त्याने स्टिक फिरवली आणि ती नुसती हवेतून गेली.

तेव्हापासून शेडमध्ये जो तो पंडित झाला होता. कुणी म्हणे, पंचाची सासुरवाडीच इगतपुरीची. कुणी म्हणे, गोऱ्या कॅप्टनने नेमके त्याच दिवशी नवे बूट घातले. टाकव्याच्या एका गँगमनने तर टीमच्या हिरव्या सदऱ्यांवर खापर फोडलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. कोंडाजी सगळ्यांच्या बोलण्याला मान डोलावत होता. खरं काय झालं ते दोघांनाच ठाऊक होतं आणि त्यातला एक तो स्वतः होता.

रखमाजी स्टेशनात इंजिनांना पाणी भरायचा. मॅच असली की मध्यंतरात मैदानाची धूळ बसवायला पाणी मारणं हेही त्याच्याकडेच होतं. रविवारी पहिल्या अर्ध्या खेळात इगतपुरीचा एक गडी लोणावळ्याच्या गोलावर सारखा वाऱ्यासारखा चालून येत होता. कोंडाजी कानाशी म्हणाला, ह्याचा पाय जरा रुतला पाहिजे. रखमाजीने त्या गोलापुढे सहा बादल्या जास्तीच्या ओतल्या आणि कुणाला दिसू नये म्हणून वर कोरडी धूळ भुरभुरवली. मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. या दोघांना ते शिट्टी वाजल्यावर आठवलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. नशीब एवढंच, की खेळ बराच वेळ पलीकडच्या टोकाला चालला. लोणावळ्याची टीम इकडे येऊ नये म्हणून रखमाजी गोलामागे उभा राहून देवाचा धावा करत होता. बारा वर्षं त्याने याच टीमसाठी नवस बोलले होते.

फकरुद्दीनने चहाला हात लावला नाही. शेडच्या साहेबाने टीममधून नाव काढलं, असं तो सांगत होता. टीममध्ये होता तोवर त्याला शेडमधलं मोकळ्या हवेतलं काम होतं. आता येत्या परवापासून घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनावर कोळसा टाकायचा. ते काम त्याने आधी चार वर्षं केलं होतं. एकामागून एक बोगदे, आणि प्रत्येकात तोंडाला ओला फडका बांधून, डोळे मिटून धूर सरायची वाट बघायची. खुर्शीदा दारात उभी राहून ऐकत होती. त्या चार वर्षांचा खोकला तिने ऐकलेला होता.

"आबा, तुमी गोलामागंच हुता," फकरुद्दीन रखमाजीला म्हणाला. "चेंडू मधीच थांबला, का माझीच घाई झाली?"

त्याला स्वतःला काही कळत नव्हतं. पाय रुतल्यासारखा वाटला होता, पण सोमवारी उन्हं चढल्यावर जाऊन बघितलं तर जमीन खडखडीत. बाकीची माणसं लांब दोरीपाशी होती. साहेब म्हणाला होता, जवळून बघणाऱ्या एका माणसाने सांगितलं की चेंडू अडला, तर मी नाव परत घालीन. म्हणून तो विचारत होता.

कोंडाजीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. रखमाजीला सगळं एकदम दिसलं. चेंडू अडला म्हटलं की साहेब विचारणार, कशाने? ओल कुठून आली? पाणी कुणी मारलं? नोकरीचे चौदा महिने उरले होते. समोरचा माणूस शांतपणे वाट बघत होता. फकरुद्दीन वाईट बोलला असता, ओरडला असता, तर बरं झालं असतं.

"तुझीच घाई झाली, फकरू," रखमाजी म्हणाला.

कोंडाजीने कप खाली ठेवला. दारातली खुर्शीदा आत गेली. फकरुद्दीनने आपल्या तळहातांकडे बघितलं. मग त्याने मान हलवली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा जरा सैल झाला.

मग निघतो, असं काहीतरी पुटपुटत रखमाजी उठला. कोंडाजी तर आधीच पायरीवर पोचला होता.

"बसा आबा," फकरुद्दीनने रखमाजीचा हात धरला. "दोन दिस समदी येत्यात आन् तुझी चूक न्हाई, तुझी चूक न्हाई म्हनून जात्यात. तोंडावर खरं बोलनारं मानूस तुमी एकलंच भेटला." मग त्याने आत हाक देऊन आबांना अजून चहा आणायला सांगितलं.

त्याने हात सोडला नाही. रखमाजी पुन्हा खाली बसला.