मागे बसणारी

"माय ब्रदर-इन-लॉ," निशिकांतने बँकेतल्या नव्या साहेबांना, ओकादासानांना, सांगितलं आणि सारंगच्या खांद्यावर हात टाकला. "प्रोफेशनल बेसबॉल पिचर. तैवान, जपान, मेक्सिको!"

मीनलने थर्मासचं झाकण गरजेपेक्षा जास्त आवळलं. हीच यादी घरी तिने नवऱ्याच्या तोंडून कितीदा ऐकली होती, फक्त चाल वेगळी असायची. तैवानमध्ये टिकला नाही. जपानमध्ये कुठली तरी छोटी लीग. आणि मेक्सिको, बरं का, मेक्सिको! एकेक करार संपला की सारंग त्यांच्या बुओना व्हिस्टाच्या फ्लॅटवर यायचा, हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचा, आणि टायची गाठ मारता मारता निशिकांत विचारायचा, "मग सारंगराव, सेटल कधी होताय?" मेव्हण्याचा अभिमान त्याला याच आठवड्यात सापडला होता. साहेब बेसबॉलवेडे निघाले, तेव्हा.

शहरातल्याच ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठच्या हिरवळीवर ऑफिसची सहल आली होती. ओकादासानांनी घरून बॅट आणली होती आणि तेल लावून मऊ ठेवलेला आपला जुना ग्लव्ह. त्यांची नजर सारंगच्या कोपरावरच्या टाक्यांच्या व्रणावर गेली.

"हाऊ इज द एल्बो?"

सारंगने तोंड उघडायच्या आत निशिकांत म्हणाला, "फर्स्ट क्लास!"

बुधवारी सारंग पर्थला जाणार होता. तिथला एक संघ चाचणी घेऊन त्याचा हात बघणार होता. तिशी उलटलेल्या, ऑपरेशन झालेल्या पिचरला आता दुसरं कोणी बोलावणार नव्हतं. तोवर हलकं टाकायचं, जोर अजिबात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काल जेवताना त्याने हे सगळं सांगितलं. निशिकांतने "हो, हो" म्हणत आमटी वाढून घेतली होती.

"अरे, त्याचा हात..." मीनल म्हणाली.

"एकच टाकायचाय गं. फोटोपुरता. साहेबांना शब्द दिलाय मी." निशिकांतने बॅट उचलली आणि ऑफिसातल्या मित्राला हाक मारली. "मी उभा राहतो. सुबोध, कॅमेरा धर. आणि सारंग, फुल स्पीड हं! आपली इज्जत आहे."

आपली!

सारंग चेंडू हातात घोळवत बहिणीजवळून गेला. जबडा आवळलेला. "टाकतोच एक, ताई. दाजींना एकदा दिसू दे."

"आणि बुधवार?"

"खड्ड्यात गेला बुधवार."

मीनलने ओकादासानांपुढे हात केला. काही न विचारता त्यांनी ग्लव्ह दिला.

"तू?" निशिकांत हसला. "अगं, लागेल!"

ती त्याच्या मागे जाऊन उकिडवी बसली. जळगावला मुलींच्या सॉफ्टबॉल संघात ती कॅचर होती. संघाची प्रॅक्टिस संपली की धाकट्या भावाचे चेंडू पकडत अंधार पडेपर्यंत अशीच बसायची. उजव्या हाताची अनामिका तेव्हाच वाकडी झाली. साखरपुड्यात अंगठी त्या बोटावर अडली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आता असले खेळ बंद." निशिकांत शेजारीच बसला होता.

कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर सांगतो, मांड्यांच्या आड बोटांनी. पटलं तर पिचर मान डोलावतो. तिने खूण केली: हळू. सारंगने मानेनेच नाही म्हटलं. पुन्हा हळू. पुन्हा नाही. निशिकांत बॅट खांद्यावर घेऊन कॅमेऱ्याकडे बघत होता. सुबोधला सांगत होता, पोट येऊ देऊ नकोस.

मीनलने तिसऱ्यांदा तीच खूण केली, आणि ते वाकडं बोट नवऱ्याच्या बरगड्यांकडे वळवलं. हळू. पण अंगावर.

सारंग थबकला. मग सकाळपासून पहिल्यांदा हसला आणि त्याने मान डोलावली.

पाय उंच गेला, खांदा मागे ताणला, हात सपकन पुढे आला. सगळा थाट फुल स्पीडचा. फक्त चेंडू तळहातात खोल रुतवून धरलेला, म्हणजे त्याचा वेग मरतो.

"आई गं!" निशिकांतने बॅट टाकली, डोकं झाकलं आणि गवतावर आडवा झाला. त्यानंतर चेंडू आला. निवांत, तरंगत. मीनलच्या ग्लव्हमध्ये टप्पकन बसला.

"निशी, बॉलच्या आधी तूच पोचलास रे!" सुबोध कॅमेऱ्याआडून ओरडला, आणि अख्खी बँक हसली. ओकादासान तेवढे हसले नाहीत. ते सारंगच्या कोपराकडे बघत होते.

निशिकांत गवत झाडत उठला. कान लाल. "हा काय चावटपणा, साहेबांसमोर? आता खरा टाक. जोरात!"

"टाकतो ना," सारंग म्हणाला. त्याचं हसू मावळलं होतं. त्याने चेंडूसाठी हात पुढे केला.

मीनलने चेंडू दिला नाही. थर्मासच्या पिशवीत टाकला आणि पिशवी खांद्याला अडकवली. मग हातातला ग्लव्ह काढून नवऱ्यापुढे धरला.

"खरा हवाय ना? मग बॅट राहू दे. ये, इथे मागे बस. तू पकड. तरच देते चेंडू."

"मी?"

"शब्द तू दिलायस."

निशिकांतने ग्लव्हकडे पाहिलं. त्याने हात पुढे केला नाही. मग त्याची नजर ग्लव्ह धरलेल्या तिच्या बोटांवर गेली आणि तिथेच थांबली.

"हे बोट," त्याने विचारलं, "हे कधी झालं?"