बादलीतली चाचणी

तोच अ‍ॅम्प्लिफायर तिसऱ्यांदा परत आला. कांजूरमार्गच्या हॉलवाल्यांचा निरोपही सोबत होता: अर्ध्या तासात तापून बंद पडतो, रविवारी चालला नाही तर दुसरीकडून घेऊ. घरगुती छोटे अ‍ॅम्प्लिफायर बनवून दुकान चालवणाऱ्या शिवदासची ही पहिली मोठी ऑर्डर होती.

त्याने नेहमीप्रमाणे अ‍ॅम्प्लिफायरच्या तारा स्पीकरऐवजी पाण्याच्या बादलीतल्या हीटरच्या कॉइलला जोडल्या आणि पूर्ण जोर दिला. दोन तासांनी पाणी कढत झालं, अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम कोमट.

"झकास चाललाय. त्यांचे स्पीकरच भंगार असणार," तो मुलीला म्हणाला.

अक्षता कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची आणि बापाचीही चूक सोडायची नाही. "बाबा, कॉइल गुणी आहे. दिलं तेवढं गुपचूप घेते. स्पीकर घेतलेल्यातलं थोडं उलटं ढकलतो. ते सोसतो अ‍ॅम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर. वीज खातो तेवढीच, काम कमी, ताप जास्त. खरा स्पीकर लाव."

शिवदासने शेजारच्या भिंतीकडे पाहिलं. एकोणीस वर्षांपूर्वी घाटकोपरच्या या चाळीत दुकान थाटलं, त्याच महिन्यात शेजारच्या वनमालावहिनी दारात येऊन म्हणाल्या होत्या, "भाऊजी, आवाज नको हं." शिवदासने मान डोलावली होती. त्याच दिवशी बिनआवाजाच्या चाचणीसाठी बादली आली. तेव्हापासून त्याने स्वतःचा एकही अ‍ॅम्प्लिफायर वाजताना ऐकला नव्हता.

शेवटी तो शेजारी गेला. वहिनी मेथी निवडत होत्या. "वहिनी, आज थोडा आवाज होईल. नाइलाज आहे."

"होऊ द्या की," त्या मान वर न करता म्हणाल्या.

स्पीकर लावला. वीस मिनिटांत अ‍ॅम्प्लिफायरवर हात ठेववेना. बापाने मुलीकडे पाहिलं आणि हार मान्य केली. दोघांनी मिळून उष्णता बाहेर टाकायला अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या पट्ट्या बसवल्या, पंखा जोडला. संध्याकाळी भजनं सलग तासभर वाजली. हात ठेवला तर नुसती ऊब. ऑर्डर वाचली होती, पण शिवदास खूश होता तो आवाजावर. आपलं मशीन इतकं गोड वाजतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

इतक्यात दारात वहिनी दिसल्या. त्याने घाईघाईने बटण दाबलं.

"बंद का केलंत?"

"तुम्हाला शब्द दिला होता ना. एकोणीस वर्षं पाळला, आजच मोडला."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो भाऊजी, तेव्हा आमच्या निलेशची दहावीची परीक्षा होती. आठ दिवसांत संपली."