मिटवलं

सेल सुष्मिताच्या हातात होता आणि टेबलावरच्या बोर्डाचा हिरवा दिवा तरीही जळत होता.

तिनं सेल खाली ठेवला. दिवा जळतच राहिला. संगणकापासून बोर्डापर्यंत एक केबल गेली होती, प्रोग्रॅम भरायची. तिनं ती उपसली. दिवा विझला.

"सर," ती म्हणाली, "मीटरनं निम्माच करंट मोजला."

शशिधर सर मागं येऊन उभे राहिले. कागलच्या एमआयडीसीतली ही छोटी कंपनी त्यांचीच. "मग उरलेला निम्मा कुठनं आला?"

"ह्या केबलमधनं."

सरांनी फोन उचलला. तहसीलचा नंबर शोधू लागले.

पडद्यावर दुपारपासून तेच होतं.

खांब एक. मिटवलं.
खांब दोन. मिटवलं.
खांब तीन. मिटवलं.

'मिटवलं'च्या पुढं 'लिहिलं' यायला हवं होतं.

गगनबावड्याच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत एक वाडी. वाडीच्या वर डोंगराला भेग. भेगेवर कंपनीचे तीन खांब. जमीन सरकली की ते वाडीतला भोंगा वाजवायचे. म्हशीनं अंग घासलं तरी वाजवायचे. लोक अंथरुणं काखोटीला मारून शाळेत पळायचे, परत यायचे, पुन्हा पळायचे. शेवटी कंटाळून शाळेतच राहिले.

म्हणून सुष्मितानं नवा प्रोग्रॅम लिहिला. तो इथं बसूनच खांबांना पाठवायचा. आधी जुना मिटवायचा, मग नवा लिहायचा. तेवढा वेळ चिप एरवीपेक्षा कितीतरी जास्त वीज खाते. आणि आठवडाभर ऊन नाही, खांबांचे सेल अर्धेच भरलेले. सोसेल का? तिनं टेबलावरच्या तसल्याच बोर्डावर, केबल लावलेली ठेवूनच, मोजलं. आकडा लहान आला. सोसेल, ती म्हणाली.

सेलांनी मिटवण्यापुरता दम धरला. लिहायला उरला नाही. आता खांबांना काहीच ठाऊक नव्हतं. जमीन म्हणजे काय. सरकणं म्हणजे काय. भोंगा म्हणजे काय.

तिनं वाडीतल्या आकाराममामांना फोन लावला.

"बोला की मॅडम! भोंगा एकदम गप हाय बघा. सकाळी तुमी म्हटलासा, खांब सुधारतोय, आता काय भ्या न्हाय, तशी समदी घरला आलो. शाळेत डासांनी फोडून काढलं हुतं."

"मामा, आत्ताच्या आत्ता परत शाळेत जा. सगळे."

"का ओ? हितं झकास हाय. दारं तेवढी लागंनात. पावसानं फुगल्यात."

"कुणाची दारं?"

"समद्यांचीच की. दुपारपासनं."

लाकूड एका दुपारीत फुगत नाही. चौकटी तिरक्या होत होत्या. चौकटींखालची जमीन चालू लागली होती.

"मामा, खांब मेलेत. भोंगा वाजणार नाही. डोंगर अंगावर आला तरी वाजणार नाही. लोकांना बाहेर काढा."



"म्हंजी," मामा सावकाश म्हणाले, "खोटं बोलत हुतं तवाच जित्तं हुतं म्हणायचं."

मग चिखलातली पावलं. फोन बंद करायचं ते विसरले होते.

"भाईर पडा! ए वर्षाराणी, पोरं घे! भोंगा मेलाय! डोंगूर यायलाय! भाईर!"

एक कडी वाजली. दुसरी. तिसरी. मामांचा आवाज चिरकला. सुष्मिता फोन कानाशी दाबून उभी होती. सर तिच्याकडं बघत होते. कुणीतरी बाहेर येईल, कुणीतरी ओरडेल, पोरं रडतील, पळापळ होईल.

एका ओसरीवरून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "खांब गप बसला आन् आता मामाच्या अंगात आला रं!"

आणि अख्खी वाडी खदखदून हसली.