तिसरा जामीनदार

"पळून जाणार नाही कशावरून?" जजसाहेबांनी मान वर न करता विचारलं.

अनिमेष वकील उठले. विशालचं घर वळ गावात आहे, म्हणाले. घरी आई, बायको, लहान मुलगी. जाणार कुठे? तीन वर्षं आत आहे आणि अजून एकही साक्षीदार तपासलेला नाही.

"खून आहे, साहेब," सरकारी वकील म्हणाले. "गोडाऊनमध्ये माणसाच्या डोक्यात रॉड घातलाय. बाहेर आला की साक्षीदारांना धमकावेल."

"साक्षीदार राहतात कुठे?"

"पूर्ण्याला."

"मग पूर्ण्यात पाय ठेवायचा नाही. आधीच्या केसेस?"

"एकही नाही, साहेब," अनिमेष वकील घाईने म्हणाले.

"राहणार कुठे?"

"घरीच. आईजवळ."

मागच्या बाकावर मेघालीने आईकडे बघितलं. रंगूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. डावा हात तसाच मांडीवर पडलेला, मनगटात वाकडा. विशालदादाला पकडला त्याच्या थोडं आधी ती मोरीत घसरली होती. हाड नीट बसलंच नाही.

जामीन मंजूर झाला. मेघालीला शिट्टी मारावीशी वाटली. नववीत शाळा सोडून ती गोडाऊनला पॅकिंगला लागली होती. दर तारखेला ड्युटी बुडायची, सुपरवायझरची बोलणी खायची, आणि कोर्टात काय तर पुढची तारीख. आज पहिल्यांदा काहीतरी घडलं होतं.

"नाचू नकोस," अनिमेष वकील बाहेर आल्यावर म्हणाले. "दर सोमवारी पोलीस स्टेशनला हजेरी, पूर्ण्याला बंदी, आणि एक पक्का जामीनदार पाहिजे. जमीन नाहीतर घर नावावर असलेला. रोख चालणार नाही म्हणालेत साहेब. जामीनदाराची सही होत नाही तोवर तो आतच."

"आमच्याकडं माणसांना काय तोटा!" मेघाली म्हणाली.

घरी सांगितलं तर विनितावहिनीचं शिलाई मशीन थांबलं. सुई बोटात गेली होती. ती बोट तोंडात धरून बसली.

"तोंडावर हसू तरी आण," मेघाली खेकसली. "एरवी तर गाणी म्हणत असतेस."

खोटं नव्हतं. नवरा जेलमध्ये, आणि ही या तीन वर्षांत गालांनी भरली होती. लहानग्या ओवीला, त्यांच्या मुलीला, बापाचा फोटो दाखवला तर ती आईच्या मागे लपायची. विसरली बिचारी, मेघालीला वाटायचं.

पहिला जामीनदार शेजारचे रामनाथकाका. "पोरगा आपलाच. येतो मी," म्हणाले. रंगूबाई संध्याकाळी नारळ घेऊन त्यांच्याकडे जाऊन आली. कुणी आपल्यासाठी उभं राहणार असलं की त्याला आधी नारळ द्यायचा, ही तिची रीत.

सकाळी काका खाटेवरून उठेनात. "पाठ धरलीय गं."

"पाठ धरली की शेपूट घातली?" मेघाली दारातूनच ओरडली.

दुसरा जामीनदार भाविक. विशालदादाचा दोस्त, निजामपुऱ्यात कापड विणायचे स्वतःचे लूम. "टेन्शन नको, मावशी. यार है अपना." रंगूबाई त्यालाही नारळ देऊन आली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन बंद. मेघाली तडक निजामपुऱ्यात गेली. लूमच्या खडखडाटात भाविक तिच्याकडे बघेना.

"माफ कर, मेघा. मेरे से नहीं होगा."

"काल यार होता ना तुझा? एका रात्रीत काय झालं?"

तो लूमवरचा तुटलेला धागा जोडू लागला. "घरी जा. आईला सांभाळ."

"तू शिकवणार मला?" असं म्हणून ती निघाली, पण वाटेत रिक्षात तिला रडू आलं. रागाचं होतं की थकल्याचं, तिचं तिलाच कळेना. जजला पटवायला तीन वर्षं लागली. गावातल्या एका माणसाला पटवता येत नव्हतं.

राहिला काल्हेरचा दामूमामा. रंगूबाईचा धाकटा भाऊ. मेघालीने फोन केला, तर मामा चिडलाच. "आधी मला न्हाय सांगायचं? भाच्यासाठी न्हाय तर कुणासाठी उभा ऱ्हाऊ? उद्या ठाण्याला कोर्टात येतो."

संध्याकाळी रंगूबाईने पिशवीत नारळ टाकला.

"सख्ख्या भावाला कसला नारळ?"

"रीत हाय."

"मग मी येते."

"नको. तुझी जीभ म्हंजे सुरी हाय. दोघं गेले ते तुझ्या तोंडामुळं."

मेघालीला ते लागलं. खरंही वाटलं. ती उंबऱ्यावर बसली. आई एस.टी.च्या थांब्याकडे गेली, वाकड्या हाताने पिशवी छातीशी धरून.

थोड्या वेळाने अनिमेष वकिलांचा फोन. "जामीनदाराचे दोन फोटो लागतील. आत्ताच सांगून ठेव, उद्या त्यावरून अडायला नको."

मामाचा फोन लागेना. मेघालीने रिक्षा पकडली. या वेळेला तोंड उघडायचं नाही, फोटोचं सांगायचं, आईला घेऊन परत यायचं, असं तिने मनाशी पक्कं ठरवलं.

मामाच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मेघालीने फटीतून बघितलं. नारळ जमिनीवर पडला होता. मामा खुर्चीत अवघडून बसला होता, आणि तिची आई, त्याच्याहून मोठी, खाली बसून त्याचे पाय धरत होती. एका सरळ हाताने, एका वाकड्या.

"दामू, मी मोरीत पडले न्हवते," रंगूबाई म्हणत होती. "त्या दोघांनी माझं ऐकलं. तू बी ऐक, बाबा. उद्या सही करू नको."