खिडकीजवळची खुर्ची

“चूक,” दिगंबर आगटे म्हणाले. “बाहेर जा, आणि पुन्हा आत या.”

विनया उठली. खुर्ची तिने मुद्दाम फरशीवर खरवडत मागे ढकलली. व्हरांड्यात जाऊन जाळीचे दार आपटले आणि क्षणभर ती जानेवारीच्या उन्हात उभी राहिली. समोरच्या सरकारी घराच्या गच्चीवर रजया वाळत घातल्या होत्या. उत्तरेकडच्या त्या शहरात, साऱ्या सेक्टर बाविसात रविवार होता. या एका घरात मात्र आठ दिवस मुलाखत चालली होती. तिने दारावर टकटक केली.

“मे आय कम इन, सर?”

“या, मिस आगटे.”

जेवणाच्या टेबलापलीकडे तीन खुर्च्या ओळीने मांडलेल्या होत्या. मधली अध्यक्षांची, दाराजवळची कंपनीच्या पर्सोनेल ऑफिसरची, खिडकीजवळची तज्ज्ञाची. दिगंबर सरकारी खात्यात वरिष्ठ अभियंते होते आणि गेली पंधरा वर्षे निरनिराळ्या कंपन्या त्यांना निवड मंडळावर तज्ज्ञ म्हणून बोलावत. मुलीची तयारीही ते तितक्याच निष्ठेने करून घेत होते. अध्यक्षांचा प्रश्न विचारायचा तर ते उठून मधल्या खुर्चीत बसत, पर्सोनेलचा विचारायचा तर दाराजवळच्या. उत्तर पूर्ण होईपर्यंत हातातली लाल-निळी पेन्सिल कागदाला टेकवायची नाही, हा त्यांचा नियम होता. “ऐकण्याआधी गुण देणे हा उमेदवाराचा अपमान आहे,” असे ते नव्या सहकाऱ्यांना सांगत. परीक्षा इंग्रजीत चाले, रागावणे मराठीत.

खरी मुलाखत उद्या सकाळी दहाला होती. विनया एम.ई.च्या वर्गात पहिली होती, आणि वर्गातली एकटीच मुलगी. मागच्या महिन्यात आलेल्या कंपनीने तिच्या खालच्या चार मुलांना घेतले. तिला घेतले नाही. “तुझंच उत्तर देताना काहीतरी चुकलं असणार,” असे म्हणून दिगंबरांनी त्याच संध्याकाळी खुर्च्या मांडण्याचे ठरवले होते. उद्या येणारी कंपनी या वर्षातली शेवटची होती.

“कोणत्याही गावी पाठवलं तर जाल?” त्यांनी दाराजवळच्या खुर्चीतून विचारले.

“जाईन, सर.”

पेन्सिल चालली. ते खिडकीजवळ येऊन बसले. “फीडबॅक अ‍ॅम्प्लिफायर अस्थिर केव्हा होतो?”

तिने न अडखळता सांगितले. पेन्सिल पुन्हा चालली.

“मिस आगटे, दोन वर्षं आम्ही तुम्हाला शिकवणार. मग तुमचं लग्न होणार. आमची मेहनत वाया जाणार, नाही का?”

आठ दिवसांत विनयाने सगळी उत्तरे देऊन पाहिली होती. ‘मी लग्न करणार नाही’ यावर ते म्हणाले होते, कोणी विश्वास ठेवणार नाही. ‘नवऱ्याची हरकत नसेल’ यावर म्हणाले होते, म्हणजे निर्णय त्याचा.

“सर, आमच्या कॉलेजातले किती मुलगे नोकरी सोडून अमेरिकेला गेले! त्यांच्यावरची मेहनत वाया गेली नाही?”

“चूक. मंडळाशी वाद घालायचा नाही. बाहेर जा—”

“बस! हो गया!” विनया ओरडली. राग अनावर झाला की तिच्या तोंडी हिंदी येई. “मी नाही जाणार बाहेर. बरोबर उत्तर काय, ते तुम्हीच सांगा ना! आठ दिवस झाले यार, बाबा!”

“बापाला यार म्हणतेस?” उंबऱ्याशी मटार सोलत बसलेली आई, प्रतिमा, म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “आणि अहो, तुम्हीही पुरे करा. उद्या पोरीचा आवाज बसेल.”

“बसला तरी चालेल, पण उत्तर सापडलं पाहिजे!” दिगंबरांनी टेबलावर हात आपटला. “मी काय तुला छळायला बसलोय? मलाही तेच हवंय. असं एखादं उत्तर असेलच ना, की ते ऐकून त्या माणसाला हो म्हणावंच लागेल?”

“कोणत्या माणसाला?”

“हे असलं विचारतो त्याला. पर्सोनेलवाल्याला.”

विनयाने दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिले. ती रिकामी होती. मग तिने वडिलांकडे पाहिले, आणि जेव्हा ती बोलली तेव्हा तिचा आवाज एकदम खाली आला होता.

“पर्सोनेलवाल्याचा प्रश्न तुम्ही तिथे जाऊन विचारता, बाबा. हा प्रश्न विचारायला आठ दिवसांत एकदाही उठला नाहीत.”

मटाराच्या शेंगेत प्रतिमेचे बोट थांबले. दिगंबर ज्या खुर्चीत बसले होते तिच्या हातांकडे पाहत राहिले.

“किती जणींना विचारलात?”

“नऊ मुली आल्या होत्या आजवर,” ते म्हणाले. “नऊजणींना.”

“मग त्यांच्यातल्या एकीचं तरी उत्तर बरोबर असेल. तेवढं सांगा. उद्या मी तेच देते.”

दिगंबरांनी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली.

“उत्तरं मी ऐकलीच नाहीत, विनू. प्रश्न विचारतानाच माझे गुण लिहून झालेले असत.”