दुपारच्या सत्राची सही

परिचारिकांच्या परवाना-नूतनीकरणाच्या सक्तीच्या वर्गात, बंद पडलेले हृदय कसे चालू करावे हे समजावताना व्याख्याते डॉक्टर स्वतःच कोसळले. नव्वद जणींतून सर्वांत आधी व्यासपीठावर पोचल्या त्या वाघचौरेसिस्टर. छाती दाबून दाबून त्यांनी नाडी परत आणली आणि रुग्णवाहिकेतून डॉक्टरांना नेऊन अतिदक्षता विभागात सोपवूनच त्या परतल्या.

प्रमाणपत्रे वाटणाऱ्या कारकुनाने हजेरीपट पुढे सरकवला. "सिस्टर, दुपारच्या सत्राला तुमची सही नाही. तास भरत नाहीत."

"अहो, शिकवणारेच माझ्याबरोबर होते! इथं सत्र झालं कुठं?"

"बाकीच्या पाचपर्यंत खुर्चीवर बसून होत्या ना! त्यांचे तास भरले."

"माझा परवाना आज संपतोय, दादा."

कारकून खरोखरच हळहळला. "मग एवढं सांभाळा, सिस्टर. उद्यापासून कुणाला वाचवू नका. गुन्हा होईल."