पॅनलवरचा पिवळा हात

बोटीत घोट्याइतकं पाणी होतं, आणि बोट अजून काठावरून सुटलीही नव्हती.

चिन्मय टपावर बसून छोट्या सोलर पॅनलच्या तारा सोलत होता. त्याचं बसस्टँडजवळ इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान. दोन हजार तीनच्या त्या हिवाळ्यात मध्य प्रदेशातल्या बालाघाटात लाइट इतकी जात होती, की त्याला जेवायला फुरसत नसे. बोटीचं काम मात्र पहिल्यांदाच आलं होतं. बालाघाटपासून समुद्र कुठल्याही बाजूने सारखाच लांब आहे, त्यामुळे शिडाची बोट काय, कुठेही ठेवा. बंडोपंतांनी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतून रिटायर झाल्यावर ती स्वतः बनवली आणि वैनगंगेत आणून ठेवली. शीड मंडपवाल्याच्या लाल-पिवळ्या कनातीचं. वारा सुटला की नदीत कोणाचं तरी लग्न आहे असं वाटे.

बोट गळत होती. पाणी बाहेर फेकायला बॅटरीवरचा पंप होता, बॅटरी भरायला टपावर एक मोठा पॅनल होता. पण दिवाळीत बंडोपंतांच्या पत्नी अहिल्याकाकू गेल्या आणि तेव्हापासून पाणी वाढतच चाललं होतं. असंच चाललं असतं तर बोट कुठेही न जाता बुडाली असती.

"काका, हा बच्चा कुठून आणला?" चिन्मयने छोटा पॅनल उलटापालटा करून पाहिला.

"उकव्याकडच्या एका जंगलनाक्यावरचा. लिलावात निघाला होता."

"याची आणि मोठ्याची जोडी नाही जमत. तो पहिलवान, हा बालवाडीतला. सोबत जोडले तर एक कमावेल, दुसरा खाईल."

"घरोघरी तेच असते. तू जोड."

शेजारच्या डोंग्यात भैयालाल जाळं सांधत बसला होता. मासे कमी आणि बोटीची गंमत जास्त, असे त्याचे दिवस चालले होते.

"साहेब, माह्या डोंग्याले बिजलीच लागत नाही," तो म्हणाला. "तरी तरते."

"तुझ्या डोंग्याले शीड नाही."

"हौ. तेवढं एक सुख आहे."

चिन्मयने मोठ्या पॅनलवरची धूळ बाहीने पुसली. खाली काचेवर पिवळा हात निघाला. पाच बोटं, तळवा, सगळं. हात लहान होता.

"हे काय आहे, काका?"

"हात आहे."

"ते दिसून राह्यलं. कोणाचा?"

"तुझ्या काकूचा. नवीन वस्तू आली तर हात लावलाच पाहिजे म्हणे. हळद काचेवर टिकेना. मग बोटीचं नाव लिहायला ऑइल पेंट आणला होता, त्यात हात बुडवला."

काकूंनी नंतर आपला हात रॉकेलने धुतला होता. पॅनल धुवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

चिन्मयने मीटर लावला. काटा जरासा उठला आणि पडून राहिला.

"एवढी सावली पडली तर हा काय करंट देईल? तुम्ही तर जन्मभर बिजलीचंच काम केलं, तुम्हाले माहीत असंल."

"माहीत आहे."

"मग दुसरा पॅनल काहून? रॉकेलचा बोळा फिरवतो. झालं काम, वाचली बोट."

"तो हात पुसायचा नाही," बंडोपंत म्हणाले. "म्हणून तर दुसरा आणला."

चिन्मयने बोळा खाली ठेवला. तारा पुन्हा हातात घेतल्या. मग थांबला.

"पण काका, काकू होत्या तेव्हाही हा हात इथंच होता ना? तेव्हा बोट कशी नाही भरली?"

"तेव्हा पंप बरोबर चालत होता."

"कशावर?"

उत्तर डोंग्यातून आलं. भैयालालने जाळ्यावरची नजरही काढली नव्हती.

"बाई उपसत होत्या ना. रोज सकाळी येत होत्या, तुम्ही उठायच्या आधी. मी म्हणो, साहेबांले सांगून द्या, पंप पाणी काढत नाही म्हणून. तर म्हणत, राहू दे भैयालाल, त्यांले त्या पंपाचं भारी कौतुक आहे."

कनातीचं शीड एकदा फुगलं आणि पडलं.

बंडोपंत सावकाश टपावर आले. गुडघ्यांवर बसून त्यांनी पिवळ्या हातावर आपला हात ठेवला. चिन्मयने सवयीने मीटरकडे पाहिलं. काटा होता तिथेच राहिला.

"मग काय करू, काका?"

"मोठ्याची तार काढून टाक. छोटा एकटाच जोड."

"छोट्याच्यानं सगळं पाणी नाही निघणार. आणि हा मोठा मग नुसता बसून राहील."

"बसू दे," बंडोपंत म्हणाले. "ती कधी बसली होती."

चिन्मयने मोठ्याची तार काढली, छोट्याची जोडली. जरा वेळाने पंप खोकला, थोडं पाणी ओकला, थांबला, पुन्हा थोडं ओकला. बंडोपंतांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाली पाण्यात उतरले. भैयालालने न मागताच आपल्या डोंग्यातला डबा पुढे केला.

डबा भरून ते उजवीकडे वळले. मग भरला डबा हातात धरून तसेच उभे राहिले.

"ती कोणत्या बाजूनं टाकायची?"

"डाव्या, साहेब."

बंडोपंत डावीकडे वळले.